रेव्हरंड बाबा पदमनजी आणि पाहणें हा शब्द

आमच्या वर्गांत एक चूक दरवर्षीं हटकून होते. मराठी उतारा इंग्रजींत करावयास दिला आणि त्यांत मित्राची वाट पाहण्याचा प्रसंग असला, म्हणजे हिंगणघाटाकडून किंवा आर्वीकडून आलेला एखादा हुशार मुलगा वाट म्हणजे रोड व पाहणें म्हणजे सी असा सरळ हिशेब करितो आणि मित्राचा रस्ता निरखीत बसतो. वर्ग हसतो, आम्हीही हसतों. मुलाला दोन्ही शब्दांचे अर्थ येत असतात; ते शब्द एकत्र आल्यावर काय करितात, हें मात्र त्यानें पाहिलेलें नसतें. उलट लुक, सी, वॉच, गेझ, स्टेअर, ग्लान्स, पीप हे सारे इंग्रजी शब्द त्याच्या वहींत एकाच पाहणें या शब्दावर उरकलेले आढळतात. शब्दांच्या या गुंत्यांत ज्यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें घालविलीं, त्या रेव्हरंड बाबा पदमनजी यांचें चरित्र यंदाच्या अंकांत द्यावें, असें आम्हांस म्हणूनच वाटलें.

बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवीं, त्वष्टा कासार ज्ञातींत झाला. बाबा हें त्यांचें स्वतःचें नांव आणि पदमनजी हें वडिलांचें. त्याच १८३१ सालीं मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति निघाली. पुढें या मुलाचा आणि त्या ग्रंथाचा फार निकट संबंध यावयाचा होता. घरचें वातावरण देवधर्माचें व सोंवळ्याओंवळ्याचें होतें. बेळगांवास लंडन मिशनची शाळा होती. तेथें त्यांचें इंग्रजी शिक्षण झालें व पुढील शिक्षणासाठीं ते मुंबईस गेले.

त्या वेळीं मुंबईंत परमहंस मंडळी या नांवाची एक सभा होती. जातिभेद व मूर्तिपूजा ज्यांस मान्य नव्हती असे सुशिक्षित तरुण तेथें गुप्तपणें जमत. बाबाही त्यांत होते. परंतु रात्रीं एक आणि दिवसा एक, अशा वागण्यानें ज्याचें समाधान व्हावें असा त्यांचा पिंड नव्हता. १८५४ सालीं बेळगांवीं त्यांनीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला. तेव्हां ते अवघे तेवीस वर्षांचे होते. त्या काळीं अशा पावलाची किंमत काय पडे, हें आजच्या मुलांना सांगून समजणार नाहीं. घर तुटलें, ज्ञाति तुटली, आणि ज्यांच्यामध्यें वाढले त्या माणसांना ते मेल्यासारखे झाले.

राहिली ती भाषा. येथें आम्ही थोडें थांबतों, कारण हा प्रश्न आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांचा आहे. ख्रिस्ती माणसाचें मराठी म्हणजे साहेबाच्या इंग्रजीचें भाषांतर, असा टोमणा आपल्याकडे जुना आहे. आणि मिशनच्या कित्येक जुन्या चोपड्या वाचल्या तर तो अगदींच खोटा म्हणवत नाहीं. वाक्याचें अंग मराठी व सांगाडा परका, असे नमुने त्यांत पानोपानीं सांपडतात. पण बाप्तिस्म्याबरोबर आईची भाषाही सोडावी लागते काय? बाबांनीं याचें उत्तर वाद घालून दिलें नाहीं. त्यांनीं मराठी शब्द गोळा करावयास घेतले.

त्याआधीं मात्र त्यांनीं एक गोष्ट लिहिली. १८५६ सालीं हिंदु विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षीं, १८५७ सालीं, बाबांचें यमुनापर्यटन प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून तिचें नांव घेतलें जातें. यमुना ही शिकलेली तरुणी पति विनायकराव याजबरोबर प्रवासास निघते आणि ठिकठिकाणीं तिला विधवा भेटतात. कोणाचें केशवपन झालेलें, कोणी घरांतल्या घरांत मोलकरीण झालेली, कोणी फसविली गेलेली. सकाळीं दारांतून बाहेर पडतांना विधवेचें तोंड दिसणें हा अपशकुन मानणारा तो समाज होता. ज्या चेहऱ्यावरून लोक नजर काढून घेत, त्याच्यासमोर बाबांनीं वाचकाला उभें केलें आणि तेथून हलूं दिलें नाहीं. कथेच्या दृष्टीनें पुस्तकांत दोष आहेत. संवाद पुष्कळदां प्रवचनें होतात. यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते व पुन्हां विवाह करिते, हा शेवट आम्हांस घाईचा वाटतो. पण त्या विधवांच्या कहाण्या वाचतांना लेखक उपदेशक आहे हें विसरावयास होतें.

आतां त्यांच्या कोशांकडे वळूं. १८६० सालीं बाबांनीं शब्दरत्नावली हा समानार्थी शब्दांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधा कोश शब्द घेऊन अर्थ सांगतो. असला ग्रंथ अर्थ घेऊन शब्द पुढें ठेवितो. संस्कृतांत अमरकोश आहेच, व इंग्लंडांत रॉजे यांचा प्रसिद्ध थेसॉरस १८५२ सालीं निघाला होता. मराठींत मात्र तोपर्यंत या दिशेनें फारसें कोणी गेलें नव्हतें. पुढें १८६३ सालीं त्यांनीं मोल्सवर्थांच्या कोशाचा संक्षेप केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत मूळ कोश सुमारें साठ हजार शब्दांचा झाला होता. तो मोठा व महाग ग्रंथ शाळेंतल्या मुलाच्या हातीं कसा यावा? संक्षेप हें काम वरवर पाहणाऱ्यास हलकें वाटतें. पण कोणता शब्द ठेवावा, कोणता गाळावा, दहा अर्थांतून कोणते तीन पुरेत, हें ठरवावयास भाषेवर हुकमत लागते. इंग्रजी-मराठी कोशही त्यांनीं केला व त्याच्याही एकाहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

असल्या कामांत रोज काय करावें लागत असेल, याची कल्पना यावी म्हणून आमच्या मुलांचाच तो लुक शब्द घेऊन पाहूं. त्याला मराठी शब्द किती! पाहणें आहे, बघणें आहे, आणि दोन्ही नित्याचे असूनही सगळीकडे एकमेकांची जागा घेत नाहींत. आपण वाट पाहतों तशी वाट बघतों. पण वैद्य नाडी पाहतो, ती बघतो असें कानाला तितकें बरें लागत नाहीं. आई न्हाऊमाखू घातलेल्या लेकराला न्याहाळते. सोनार दागिना निरखतो. पहारेकरी टेहळणी करितो. शेजारीण दारांतून डोकावते. भुकेलें मूल दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावतें. पुस्तकावर नुसती नजर फिरविणारा विद्यार्थी तें वाचीत नाहीं, हें परीक्षेंत कळतें! संस्कृतांतून आलेलें अवलोकन सभेंत शोभतें, स्वयंपाकघरांत नाहीं. इंग्रजींत हाच शब्द आफ्टर जोडला कीं सांभाळणें होतो, फॉर जोडला कीं शोधणें, इन्टु जोडला कीं चौकशी करणें. आणि डाऊन अपॉन जोडला तर तुच्छ लेखणें. मराठींत उलट पाहणें दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशीं उभें राहतें. खाऊन पाहा, विचारून पाहा, चालून पाहा, येथें डोळ्यांचें काम मुळींच उरलेलें नाहीं, प्रयत्नाचें आहे. आणि कोणी आपला अंत पाहूं लागला, तर तो काय पाहतो तें त्याचें त्यालाच ठाऊक! असे हजारों शब्द एका माणसानें हातानें कागदावर उतरवून, लावून, ताडून पाहिले. त्या काळीं टंकलेखनयंत्र नव्हतें व विजेचा दिवाही नव्हता.

बाबांच्या पुढील आयुष्याविषयीं थोडक्यांत सांगतों. कांहीं वर्षें त्यांनीं पुण्यास पाळकाचें काम केलें. नंतर मुंबईस राहून बायबल सोसायटी व ट्रॅक्ट सोसायटी यांच्या मराठी ग्रंथांचें संपादन केलें. लहानमोठीं मिळून त्यांचीं पुस्तकें शंभराच्या आसपास मोजलीं जातात. त्यांपैकीं पुष्कळ आज कोणी उघडीत नाहीं, व सगळींच उघडण्याजोगीं आहेत असेंही आम्ही म्हणत नाहीं. १८८८ सालीं अरुणोदय हें आत्मचरित्र त्यांनीं प्रसिद्ध केलें. बेळगांवचें घर, तेथील व्रतें व सणवार, आणि मनांतली उलथापालथ यांचें तें वर्णन पालकांनीं अवश्य वाचावें. सोडलेल्या घराविषयीं लिहितांना त्यांची लेखणी कोठेंही कडवट झालेली नाहीं. १९०६ सालीं, पंचाहत्तर वर्षांचे असतां, ते परलोकवासी झाले.

हें चरित्र वर्गांत सांगून झाल्यावर आर्वी तालुक्यांतल्या एका मुलानें आम्हांस विचारिलें कीं, आमच्या घरीं मी पाहून रायलों असें म्हणतात, तें त्या कोशांत असेल काय? बाबा बेळगांवचे, त्यांची वस्ती मुंबईस व पुण्यास. वर्धेच्या बाजूचा शब्द त्यांच्या कानीं कितपत पडला असेल कोण जाणे. आम्हीं त्याला कोरी वही दिली व तूंच लिहून आण असें सांगितलें. त्यानें पहिल्या पानावर पाहून रायलों लिहिलें, त्याखालीं पाह्य असें लिहून समोर अर्थ दिला, पाहा. मग आजीला विचारावें लागेल म्हणून वही घेऊन तो गांवीं गेला. परत आणली तेव्हां तिचीं अकरा पानें भरलीं होतीं.