कै. बाळू पालवणकर आणि मुंबईची राखीव जागा

आमच्या चर्मकार समाजात जी नररत्ने निपजली, त्यांत कै. बाळू बाबाजी पालवणकर यांचे स्थान अग्रभागी आहे. क्रिकेटपटू म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु लोकप्रतिनिधित्वाच्या इतिहासातही त्यांचे नाव गोविले गेले आहे, याचे स्मरण आम्हांस येथे करून द्यावयाचे आहे.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. वडील सैन्याच्या नोकरीत होते. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात मैदान झाडणे, रूळ फिरविणे अशी कामे अल्प वेतनावर करीत असता साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकण्याची संधी त्यांना मिळाली, आणि त्यांतूनच एक असामान्य डावखुरा गोलंदाज उदयास आला. हिंदू संघाला त्यांच्या चेंडूची गरज होती. मात्र चहापानाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रात चहा मिळे! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. 1920 साली उपकर्णधारपदावरच समाधान मानावे लागले. पुढे 1923 साली तो मान त्यांचे बंधू विठ्ठल यांना लाभला व त्यांनी संघास विजयी केले.

मैदानावरील हा प्रश्न आणि कायदेमंडळातील प्रश्न मुळात एकच होता : आमच्या वतीने कोणी उभे राहावे, आणि ते कोणी ठरवावे? 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर बाळूंनीही सही केली. या कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले व संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. प्रांतिक कायदेमंडळांत 71 ऐवजी 148 जागा मिळाल्या, त्यांपैकी मुंबई इलाख्यास 15. जागा वाढल्या खऱ्या, परंतु त्या भरण्यात सवर्ण मतदारांचाही हात राहिला.

त्या कराराची कसोटी 1937 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ई व एफ वॉर्डांत, म्हणजे भायखळा-परळच्या गिरणगावात लागली. राखीव जागेसाठी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तर काँग्रेसतर्फे बाळू उभे राहिले. तरुणपणी ज्यांना बाळूंच्या पराक्रमाचा अभिमान वाटे, त्यांच्याशीच बाळूंना सामना करावा लागला. धर्मांतराच्या घोषणेविषयीही उभयतांत मतभेद होता. डॉ. आंबेडकरांना 13,245 व बाळूंना 11,225 मते पडली. फरक अवघा 2,020 मतांचा.

या पराभवाविषयी आमच्यापैकी काहीजण आजही खालच्या आवाजात बोलतात. आम्हांस ते उचित वाटत नाही. बाबासाहेबांचा विजय सर्व दलितांचा होता, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. परंतु बाळू केवळ दुसऱ्याच्या हातचे बाहुले होते, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होय. ज्यांना एके काळी एका पेल्यात चहा नाकारला गेला, त्यांनी त्याच समाजात राहून तो बदलण्याचा मार्ग पत्करला. मार्गाविषयी वाद करावा. मनुष्याच्या सचोटीविषयी करू नये. पुढे 1952 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेवर आमच्याच समाजाचे नारायणराव काजरोळकर डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडून आले, तेव्हाही हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला होता : प्रतिनिधी कोणाचा, समाजाचा की पक्षाचा?

4 जुलै 1955 रोजी बाळूंचे मुंबईस निधन झाले. आमच्या तरुणांनी त्यांचे बळी जसे मोजावेत, तशीच त्यांना पडलेली 11,225 मतेही विसरू नयेत. मत मागण्यास उभे राहण्याचा अधिकार हीदेखील आमच्या पूर्वजांनी कष्टाने मिळविलेली कमाई आहे. या थोर ज्ञातिबांधवास आमचे विनम्र अभिवादन!