अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर, १८७३ – २० ऑक्टोबर, १९४७) हे इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ व सेंद्रिय शेतीचे आद्य पुरस्कर्ते होते. पालापाचोळ्यावर जगणाऱ्या जंगलाचा न्याय त्यांनी शेतीला लावला.

== जीवन ==
हॉवर्ड यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथे शासकीय वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तेथे पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी गव्हाच्या वाणांवर संशोधन केले. परंपरागत शेती करणाऱ्या भारतीय शेतकऱ्यांना ते आपले गुरू मानत. १९२४ ते १९३१ या काळात ते होळकरांच्या इंदूर येथील वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक होते. १९३४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

== कार्य ==
जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी ते हिरवे राहते. कारण गळलेली पाने तेथेच कुजून मातीत मिसळतात. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या सागवनातही हेच चक्र चालते. शेतातील काडीकचरा व शेण जाळल्यास मात्र हे चक्र तुटते आणि जमीन निकस होते. यावर उपाय म्हणून हॉवर्ड यांनी सहकारी यशवंत वाड यांच्यासह कंपोस्टची 'इंदूर पद्धत' विकसित केली. तीत काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून ते अधूनमधून उलथतात. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. या पद्धतीवरील दोघांचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ती अनेक देशांत स्वीकारली गेली.