वेअरहाउसमधले ऑटोसाहेब

वेअरहाउसमध्ये सॉफ्टवेअर बसवणं हे माझं काम, त्यामुळे आजूबाजूला फोर्कलिफ्टची ये-जा चालूच असते. पाठीवर आडवं एलपीजी सिलिंडर बांधलेली ही गाडी पाहिली की आपल्या माणसाला घरचा गॅस आठवणारच! अमेरिकेत क्लार्क कंपनीने १९१७ मध्ये पेट्रोलवर चालणारी 'ट्रकट्रॅक्टर' बनवली, ती या गाडीची पूर्वज. पण दोघींच्या पोटातलं चक्र त्याहून जुनं, जर्मनीच्या निकोलाऊस ऑटो यांचं.

ऑटो जन्मले १८३२ साली, होल्ट्सहाउझेन नावाच्या खेड्यात. वडील ते तान्हे असतानाच गेले. शाळा सुटली, दुकानात नोकरी लागली, मग गावोगाव हिंडून चहा-साखर विकणं. इंजिनिअरिंगची पदवी नाहीच. (इथे आम्ही डिग्रीवाल्यांनी गप्प बसावं!)

१८६० मध्ये लेन्वार नावाच्या गृहस्थाने पॅरिसमध्ये दिव्याच्या गॅसवर चालणारं इंजिन केलं. ते गॅस न दाबताच पेटवायचं, म्हणून खादाड. ऑटोंनी आधी दाबून बघितलं, पण १८६२ चं त्यांचं इंजिन काही मिनिटांतच मोडलं. पुढे साखर कारखानदारांच्या घरातले लांगेन भागीदार मिळाले आणि १८६४ मध्ये कोलोनला कारखाना निघाला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचं नवं इंजिन भयंकर खडखडत होतं म्हणे, पण गॅस मोजला तर इतरांच्या निम्म्याहूनही कमी! सुवर्णपदक मिळालं.

तरी डोक्यातून ते दाबणं गेलं नव्हतं. १८७६ मध्ये जमलं: गॅस-हवा आत ओढा, दाबा, पेटवा, धूर बाहेर टाका. एलपीजी फोर्कलिफ्ट आजही हेच करते.

आणि १८८६ मध्ये कोर्टाने पेटंटच रद्द केलं. का, तर बो द रोशा या फ्रेंच माणसाने १८६२ मध्येच हे तत्त्व एका पुस्तिकेत मांडलं होतं. इंजिन त्याने एकही बांधलं नव्हतं! कायद्याने ते बरोबर असेलही, मला मात्र पटत नाही. आमच्या धंद्यात कागदावर कल्पना मांडणारे पायलीचे पन्नास, चालवून दाखवणारा विरळा. निकालाने प्रतिस्पर्ध्यांना रान मोकळं झालं. त्याच वर्षी बेंझनी आपल्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं.

ऑटो १८९१ मध्ये गेले, वय फक्त ५८. मुलगा गुस्ताव पुढे म्युनिकमध्ये विमानं बांधू लागला. बीएमडब्ल्यूचं एक मूळ त्या कारखान्यात आहे.