आशा असलेल्यांचं रडणं

आजचं वाचन : १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८, योहान ५:२४



गेल्या महिन्यात आमच्या यूथ ग्रुपमधल्या एका मित्राची आई गेली. दफन झाल्यावर आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. त्याने मला विचारलं की, पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, तरी रडू थांबत कसं नाही? माझा विश्वास कच्चा आहे का? मला तेव्हा काहीच उत्तर देता आलं नाही. नुसता त्याच्याजवळ बसून राहिलो.

आजचा उतारा वाचताना तोच प्रश्न परत समोर आला. नीट बघा, पौल दुःख करू नका असं म्हणत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका, असं त्याचं म्हणणं आहे. मग आशा असलेल्या माणसाचं दुःख दिसतं तरी कसं? विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं हिंडत असे. पुढे दुष्काळ पडला. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. भूक काय असते ते या मुलीने पुस्तकात वाचलं नव्हतं, आपल्या घरात पाहिलं होतं. उरले ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी चालत देशभर फिरले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोनच वर्षांनी श्रीनिवासही गेला.

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली. मुलगी वर्षाचीही नव्हती, तोच १८८२ च्या सुरुवातीला बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. वयाची चोवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती आणि आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले. जरा थांबून आपल्या ग्रुपमधल्या तेवीस वर्षांच्या एखाद्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.

सासरी, आसामात, नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची लहानशी बंगाली प्रत सापडली होती. बी तिथे पडलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून लगेच मनाला शांती मिळाली असं नाही. धर्म मिळाला, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नाही, अशी खंत त्यांना बरीच वर्षं होती, आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी ती उघडपणे लिहिली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, नाव झालं, काम वाढलं, तरी आत ती पोकळी होतीच. मग विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच मरणातून जीवनात असा आहे. ते वाचून त्यांनी स्वतःला तपासलं आणि १८९१ च्या सुमारास जसं आहे तसं स्वतःला ख्रिस्ताच्या हाती दिलं.

योहान ५:२४ मध्ये येशू हेच सांगतो. जो विश्वास ठेवतो तो मरणातून जीवनात आलाच आहे. आपण सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर मिळणारं काहीतरी समजतो. येशू म्हणतो, ते आज सुरू झालंय.

रमाबाईंच्या आयुष्यात ते दिसलंही. १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. ज्या गोष्टीने आपलं घर खाल्लं तिच्यापासून माणूस लांब पळेल ना? पण त्या मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती उभं राहिलं. शेती, विणकाम, शाळा, छापखाना सुरू झाला. स्वर्गाची आशा होती म्हणून त्यांनी पृथ्वीवरच्या भुकेकडे पाठ फिरवली नाही, उलट तिच्याकडे बघायचं बळ त्यांना मिळालं.

आणि मग शेवटचा घाव. मनोरमा शिकली, आईच्या कामाचा उजवा हात झाली. पुढे मुक्ती तीच सांभाळेल असं वाटत होतं. जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती गेली. आई मागे राहिली.

त्या वेळी रमाबाईंच्या टेबलावर बायबलच्या भाषांतराचं काम होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण शब्द निवडत होत्या ते साध्या बायकांना कळतील असे. छपाईचं काम मुक्तीतल्या मुलीच करत. लेक गेल्यावर त्या रडल्या नसतील असं मला वाटत नाही. पण काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूत निजल्या, लेकीनंतर जेमतेम साडेआठ महिन्यांनी. संपूर्ण बायबल छापून झालं ते १९२४ मध्ये, त्यांच्या माघारी.

आशा असलेल्यांचं दुःख मला इथे दिसतं. डोळे ओले असतात, पण हात रिकामे नसतात. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला, आणि दोन मिनिटांत तो त्याला बाहेर बोलावणार होता! तेव्हा रडणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

काल मी त्या मित्राला फोन करून एवढंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की रविवारी संडे स्कूलचा वर्ग घ्यायला येतो. तो वर्ग आधी त्याची आई घ्यायची.

आज तुमच्या ओळखीत कोणी शोकात असेल तर त्याला वचन फॉरवर्ड करण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा.

प्रार्थना : प्रभू येशू, आम्ही ज्यांना मातीत ठेवलं ते तुझ्या हातात आहेत. आमचे अश्रू तुला चालतात म्हणून तुझे आभार. तू परत येईपर्यंत, आज जे काम समोर आहे ते करायला बळ दे. आमेन.