जामखेडच्या मेबलताई

डॉक्टर झाला की माणूस शहर गाठतो, हा आपला नेहमीचा अनुभव. डॉ. मेबल आरोळे यांनी नेमकी उलटी वाट धरली. वेल्लोरला वैद्यकी आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० मध्ये त्या पती डॉ. रजनीकांत यांच्यासह दुष्काळी जामखेडला आल्या. औषधाने बरा झालेला रुग्ण घरी जाई आणि गढूळ पाण्याने पुन्हा आजारी पडे. तेव्हा त्यांनी गावातल्याच, बहुतांश निरक्षर बायकांना हाताशी धरले. हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी, सुखरूप बाळंतपण, बाळाचे वजन हे सारे शिकवले. ज्यांना घरातही कोणी विचारत नसे, त्यांचा शब्द गाव मानू लागले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशांतले कार्यकर्ते जामखेडला शिकायला येऊ लागले. पुढे मेबलताईंनी युनिसेफच्या सल्लागार म्हणून दक्षिण आशियातही काम केले. १९९९ मध्ये त्या गेल्या.

२००५ पासून देशात 'आशा' कार्यकर्त्या आल्या. आमच्या वाशीम जिल्ह्यातही त्या दारोदार फिरतात. दवाखाना हवाच, पण त्याआधी शेजारी एक जाणती बाई हवी, हे मला मेबलताईंच्या आयुष्यावरून पटले. मात्र तिला नुसत्या नोंदवह्यांत अडकवू नये. तिला मान मिळाला, तरच गाव तिचे ऐकेल.