फुलांची खुली शाळा

केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयात ज्यूली रिबो या चित्रकर्तीने १८३० साली काढलेले एक चित्र जतन केलेले आहे. पॅरिसच्या 'जार्दें द प्लांत' या उद्यानातील ब्यूफों दालन त्यात दिसते. तेथे चित्रकलेचा वर्ग भरला आहे. विद्यार्थ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया असून त्या समोरच्या फुलांचे निरीक्षण करून रेखाटन करण्यात गढून गेल्या आहेत. हा वर्ग पिएर-जोसेफ रदूते याचा. सम्राज्ञींच्या पदरी राहून गुलाब रंगविणारा चित्रकार म्हणून रदूते जगाला ठाऊक आहे. निसर्गेतिहास संग्रहालयात सर्वांना खुल्या असलेल्या वर्गात शिकविणारा रदूते मात्र फारसा परिचित नाही.

आजच्या बेल्जियममधील आर्देन प्रदेशातल्या सेंत-युबेर या गावी १० जुलै १७५९ रोजी त्याचा जन्म झाला. घराण्यात चित्रकारी पिढीजात होती. शालेय शिक्षण बेताचेच झाले. वयाच्या तेराव्या वर्षी त्याने घर सोडले आणि सुमारे दहा वर्षे गावोगाव फिरून व्यक्तिचित्रे, धार्मिक चित्रे, घरांची सजावट असे मिळेल ते काम केले. याच भटकंतीत हॉलंडमधील यान फान हौसुम याची पुष्पचित्रे त्याच्या पाहण्यात आली.

१७८२ साली तो पॅरिसला थोरल्या भावाकडे आला. भाऊ नाटकांचे पडदे रंगवीत असे. त्याला हातभार लावून उरलेला वेळ रदूते राजाच्या वनस्पती उद्यानात फुलांची रेखाटने करण्यात घालवू लागला. तेथेच त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए द ब्रुतेल याने या होतकरू तरुणाला आपला ग्रंथसंग्रह खुला करून दिला आणि फूल उकलून त्याची रचना पाहण्यास शिकविले. लिनियसच्या वर्गीकरणात पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांची संख्या निर्णायक मानली जाई. त्यामुळे चित्रात एखादा केसर कमी-अधिक झाला, तर वनस्पतीची ओळखच चुकण्याचा धोका होता. फुलाचे देखणेपण आणि शास्त्राची काटेकोर शिस्त यांचा मेळ घालण्याची दृष्टी रदूते याला या गुरूकडून लाभली. उद्यानातील डच चित्रकार खेरार्ट फान स्पांडोंक याच्याकडून त्याने जलरंगांचे तंत्र आत्मसात केले.

पुढे राणी मारी आंत्वानेत हिच्या दरबारी चित्रकाराचे पद त्याला मिळाले. पण लवकरच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये राणीचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात राजाचे उद्यान राष्ट्राचे झाले होते. १० जूनच्या आदेशाने तेथे निसर्गेतिहास संग्रहालय स्थापन झाले, बारा अध्यापकपदे निर्माण करण्यात आली आणि व्याख्याने जनतेला खुली झाली. या अध्यापकांमध्ये निसर्गचित्रणासाठी फान स्पांडोंक याची निवड झाली. विज्ञानाच्या बरोबरीने चित्रकलेला दिलेले हे स्थान लक्षणीय होते. वासराच्या कातड्यापासून तयार केलेल्या चर्मपत्रांवर वनस्पती आणि प्राणी रंगवून घेण्याची जुनी राजपरंपराही संग्रहालयाने पुढे चालविली. त्या कामी रदूते याची नेमणूक झाली.

नेपोलियनची पत्नी जोसेफीन हिने १७९९ मध्ये माल्मेझों येथील वाडा घेतला आणि तेथील बागेत दूरदेशीची रोपे जमविली. ती रंगविण्याचे काम रदूते याच्याकडे आले. १८०२ ते १८१६ या काळात 'ले लिलियासे' हा त्याचा ग्रंथ आठ खंडांत प्रसिद्ध झाला. लिलीवर्गातील मांसल फुले दाबून वाळविली की त्यांचा आकार आणि रंग दोन्ही नाहीसे होतात. म्हणून त्यांची अचूक चित्रे शास्त्राला हवी होती. तांब्याच्या पत्र्यावर रेषांऐवजी बारीक ठिपके कोरून आणि एकाच पत्र्यावर निरनिराळे रंग भरून ती छापली जात. नंतर त्यांवर हाताने रंगांचा शेवटचा हात फिरविला जाई. १८१७ ते १८२४ या काळात 'ले रोझ' हा गुलाबांवरील ग्रंथ निघाला. त्यानेच रदूते याचे नाव अजरामर केले.

जोसेफीन मात्र १८१४ मध्येच निवर्तली होती. मोठा आश्रय संपला, तरी सढळ हाताने खर्च करण्याची रदूते याची सवय सुटली नाही. कर्ज वाढत गेले.

१८२२ साली फान स्पांडोंक याचे निधन झाल्यावर संग्रहालयाचा चित्रकला शिक्षक म्हणून रदूते याची नियुक्ती झाली. त्या वेळी तो बासष्ट वर्षांचा होता. पॅरिसच्या प्रसिद्ध कला विद्यालयाचे दरवाजे स्त्रियांना १८९७ पर्यंत बंद होते. अशा काळात एका सार्वजनिक संस्थेत बसून, जिवंत फूल समोर ठेवून, नामवंत चित्रकाराकडून शिकण्याची संधी या वर्गाने स्त्रियांना दिली. राजघराण्यातील स्त्रियांनाही तो शिकवीत असे. परंतु संग्रहालयातल्या वर्गात येण्यासाठी राजकुळाची गरज नव्हती. नाटकाचे पडदे रंगविता रंगविता ज्या उद्यानात तो स्वतः घडला, तेथेच आता तो इतरांना घडवू लागला.

१८२५ मध्ये त्याला 'लेजियों द ऑनर' हा सन्मान मिळाला. सन्मानांनी देणी फिटली नाहीत. उतारवयात त्याच्यावर घरातील मौल्यवान चीजवस्तू विकण्याची वेळ आली. तरीही त्याने ब्रश खाली ठेवला नाही. जून १८४० मध्ये पक्षाघाताने त्याचे निधन झाले. अखेरच्या घटकेस तो एक लिलीचे फूल न्याहाळीत होता, असे सांगितले जाते. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत तो विसावला आहे.

रदूते याचे गुलाब पुढे भेटकार्डे, दिनदर्शिका आणि चिनीमातीच्या बशा यांवरून घरोघरी पोहोचले. त्याची चर्मपत्रावरील चित्रे मात्र संग्रहालयाच्या ग्रंथालयातील सुमारे सात हजार चित्रांच्या संग्रहात सांभाळून ठेवलेली आहेत. ज्या राजवटींनी त्याला आश्रय दिला, त्या एकामागून एक लयाला गेल्या. क्रांतीने लोकांच्या स्वाधीन केलेले ते उद्यान आजही त्यांच्यासाठी खुले आहे.