ट्रामच्या दिव्यामागचा अभियंता
विजेच्या ट्रामचे जनक मानले जाणारे फ्रँक स्प्रेग यांचा जन्म १८५७ मध्ये अमेरिकेत झाला. नौदल सोडून १८८३ मध्ये ते एडिसन यांच्याकडे रुजू झाले. मात्र वर्षभरातच त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १८८८ मध्ये रिचमंड शहरात तोटा सोसून त्यांनी ट्रामचे जाळे यशस्वी केले.

डोक्यावरच्या तारेतील वीजच अशा ट्रामच्या दर्शनी दिव्यालाही पुरविली जाई. सुमारे ६०० व्होल्टचा दाब एका दिव्याला झेपत नसल्याने पाच दिवे एकसर जोडले जात. एक विझला की पाचही विझत. दांडा तारेवरून निसटला तरी अंधारच!

१८९० मध्ये एडिसन यांच्या कंपनीने स्प्रेग यांचा उद्योग ताब्यात घेतला. यंत्रांवरून नाव पुसले गेल्याने ते बाहेर पडले. रिचमंडची पद्धत मात्र देशोदेशी पोहोचली. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले.